घर जसं आहे तसं

मावशी, आज सरकारी बाई आमचं घर बघून गेल्या. तू जाऊन बारा वर्षं झाली, पण तुला काही सांगावं असं इतकं आजच वाटलं. माझ्याकडे आता नऊ वर्षांची एक मुलगी आहे. हिंजवडीला माझ्याच ऑफिसात हाउसकीपिंगला असलेल्या बाईची ती. बाई आजारपणात गेली, बाप आधीच नव्हता, आणि बालकल्याण समितीने तिला आम्हा नवराबायकोकडे सांभाळायला दिली. अशा मुलांसाठी सरकार दरमहा काही मदत देतं. तू माझ्यासाठी मागितली होतीस, तीच. तुला ती मिळाली नाही. या वेळी मात्र मी सोडणार नव्हते.

तुझ्या वेळची चौकशी मला लख्ख आठवते. मी आठ वर्षांची. आईबाबा गेल्यावर ना नात्याची ना गोत्याची तू, पिंपळे गुरवच्या चाळीत शेजारी राहणारी, मला उचलून तुझ्या पत्र्याच्या खोलीत घेऊन आलीस. मदतीच्या अर्जावर सरकारी साहेब घर बघायला येणार असं कळलं आणि तू धसकाच घेतलास. घर गरीब दिसलं तर पोरगी काढून नेतील, हे तुझ्या डोक्यात पक्कं बसलं. मग काय, सगळी चाळ कामाला लागली. एकीचा टीव्ही येतो, दुसरीचा मिक्सर, कुणाच्या लग्नातली घडी न मोडलेली चादर. मिक्सर ठेवायला जागा नाही म्हणून तो पलंगावर. समोरची म्हणते, "अगं, एवढं कशाला मांडतीस?" आणि तू पदर खोचत म्हणतेस, "लेकरू माझ्याकडं नीट ऱ्हातंय असं दिसाया नको का?" साहेबांनी चहा घेतला, खोलीभर नजर फिरवली आणि गेले. महिन्याभराने कागद आला, तो मीच तुला वाचून दाखवला. आर्थिक स्थिती चांगली, मदतीची गरज नाही. तू कागदाची घडी घालून ठेवलीस. मग म्हणालीस, "माझीच अक्कल चराया गेली व्हती." दुसऱ्या आठवड्यापासून चाकणच्या कँटीनमध्ये सकाळच्या चपात्या झाल्या की संध्याकाळच्याही तूच लाटायला लागलीस. मनगटं सुजायची. मी तेल लावायला आले की हात काढून घ्यायचीस आणि "अभ्यास कर" म्हणून डाफरायचीस. मला तेव्हा तुझा राग यायचा.

या वेळी मला नेमके उलटे सल्ले मिळाले. फॉर्म भरून देणारा म्हणाला, "मॅडम, फ्रीज शेजाऱ्यांकडं ठेवा, गाडी लांब लावा. जरा गरीब दिसलं की काम होतंय." वरच्या मजल्यावरच्या काकूंचं वेगळंच, "पोरीच्या नावानं पैसे घेता म्हटल्यावर लोक काय बोलतील?" दोघांनाही मी हसून वाटेला लावलं. फ्रीज जागेवर राहिला, बाथरूमचं गळकं छतही तसंच राहिलं. शाळेच्या दाखल्यावर शिक्का नाही म्हणून सरकारी ऑफिसातून दोनदा परत पाठवलं, तेव्हा दोनदा रजा टाकून पुन्हा गेले. तिसऱ्यांदाही गेले असते. बाईंनी आज विचारलं, "मदत मंजूर झाली नाही, तर मुलीला ठेवणार ना?"

"ठेवणारच," मी म्हणाले, "आणि पुन्हा अर्जही करणार. पैसे आमच्या गरिबीसाठी नाही मागत. ते तिचे आहेत. ती आमची जबाबदारी आहे, तशी तुमचीही आहे." माझा आवाज जरा चढला. बाईंनी वर पाहिलं, पण रागावल्या नाहीत. वहीत काहीतरी लिहून घेतलं.

मग बाई मुलीला घेऊन आतल्या खोलीत गेल्या आणि दार लोटून घेतलं. मी ओट्याशी उभी राहिले. इतका वेळ तावातावाने बोलणारी मी, आता एकच भांडं पुन्हा पुन्हा पुसत राहिले. अशा वेळी मूल काय बोलून जाईल याचा नेम नसतो. ती बाहेर आली, तिने भूक लागली म्हणून सांगितलं, मी तिला जेवायला वाढलं. आत काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही आणि विचारणारही नाही. निकाल यायचा आहे.

हे पत्र कुठल्याच पत्त्यावर जायचं नाही, म्हणून पुढचं लिहायचं धाडस होतंय. मावशी, त्या दिवशी साहेबांनी मलाही बाजूला घेतलं होतं. तू चहा गाळत होतीस. त्यांना संशय आला असावा, कारण त्यांनी हळूच विचारलं, "बाळ, खरं सांग, हे सगळं तुमचंच आहे का?" मी नाही म्हटलं असतं तर त्यांनी तसं लिहिलं असतं. मी म्हणाले, "हो, आमचंच." मला कुणी पढवलं नव्हतं, मी घाबरलेही नव्हते. एवढं सगळं असलेलं घर आपलं आहे, असं एकदा कुणाला तरी सांगून बघायचं होतं. तू मरेपर्यंत ती चूक स्वतःची म्हणत राहिलीस, आणि मी तुला तसं म्हणू दिलं.