निरोगी नमुना

३ मार्च
आज शाळेत व्याख्यान. विषय: औषधाला न जुमानणारे जंतू. जगाचा नकाशा लावून लाल ठिपके दाखवले. कुठल्या देशातल्या जंतूंमध्ये कुठला हट्टी जीन सापडला, ते त्यावरून कळतं. काही ठिपके आमच्या लॅबचे, म्हणजे जवळजवळ माझेच. मुलांना बजावलं, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय अँटिबायोटिक घ्यायचं नाही आणि घेतलं तर अर्धवट सोडायचं नाही. टाळ्या. घसा बसला. घरी येऊन अँटिबायोटिकची एक गोळी घेतली.

४ मार्च
घसा बरा. राहिलेल्या गोळ्या औषधांच्या डब्यात ठेवल्या. उगाच शरीरात केमिकल कशाला. कुठे थांबायचं ते मला कळतं.

२१ मार्च
आईला लघवीला जळजळ. दवाखान्यात जाऊ म्हणाली. म्हटलं, घरात तज्ज्ञ असताना? डब्यातल्या गोळ्या दिल्या.

२३ मार्च
आईला बरं वाटतंय, असं मला वाटतंय.

२७ मार्च, सकाळ
आईला सणसणून ताप. थंडीने दात वाजत होते. ॲडमिट केलं. डब्यातल्या गोळ्या संपल्या, नाहीतर ही वेळ आली नसती.

३० मार्च
डॉक्टर म्हणाले, जंतू किडनीपर्यंत गेलाय आणि नेहमीच्या एकाही औषधाला दाद देत नाही. एकच इंजेक्शन उरलंय. ते किडनीला जड, आणि आईची किडनी आधीच दमलेली. मी विचारलं, हा जंतू आला कुठून? ते म्हणाले, कुठून का असेना, इलाज तोच. याच वृत्तीने जग मागे राहिलंय.
निश्चय: गुन्हेगार मीच शोधणार. संशयितांच्या पोटातले जंतू मिळवायचे, त्यांचा जीनोम वाचायचा, आईच्या जंतूशी ताडून बघायचा. रक्ताचं नातं लपत नाही.

२ एप्रिल
आमच्या लॅबच्या प्रमुख मॅडम हो म्हणाल्या. थोड्या अनिच्छेनेच. पहिला संशय खालच्या मजल्यावरच्या कर्नलांवर. ते सैन्यात कधीच नव्हते, पण मिशा आहेत. त्यांचा कुत्रा आईचे हात चाटतो. दुसरा संशय स्वयंपाकाच्या बाईंवर.

५ एप्रिल
कर्नलांना शौचाच्या नमुन्यासाठी डबी दिली. त्यांनी दार लावून घेतलं. पुन्हा बेल वाजवून शास्त्रीय महत्त्व समजावलं. आतूनच म्हणाले की तुझ्या आईसाठी देतो, पण परत तोंड दाखवू नकोस. कुत्र्याने मात्र लगेच सहकार्य केलं.

६ एप्रिल
स्वयंपाकाच्या बाईंनी डबी आणून दिली आणि घराची किल्लीही. म्हणाल्या की इतकी वर्षं आईंच्या तोंडाकडे बघून येत होते. माणूस इतका चिडतो म्हणजे काहीतरी असणारच. जेवणाला दूध-पाव.

९ एप्रिल
मॅडम म्हणाल्या, तुलनेला त्याच घरातला एक निरोगी नमुना हवा. घरात निरोगी म्हणजे मीच. ताबडतोब दिला. डबीवर ठळक अक्षरांत 'निरोगी' लिहिलं.

१२ एप्रिल
मशीनवर परदेशी नमुन्यांची रांग. साऱ्या जगाला आजारी पडायला हाच महिना सापडला. इंजेक्शन चालू आहे. ताप उतरतो, परत चढतो. आईचे पाय सुजलेत. आज तिने मला ताईच्या नावाने हाक मारली. ताईने फोनवर विचारलं, तू नक्की काय करतोयस? म्हटलं, तपास. तिने फोन ठेवला. मला भीती वाटतेय. पण निकाल आला की सगळं मार्गी लागेल.

१६ एप्रिल
निकाल आला. मॅडमनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. झाडासारखी आकृती, जवळचे जंतू एका फांदीवर. कर्नल एका टोकाला. बाई दुसऱ्या टोकाला. कुत्र्याचा तर कशाशीच संबंध नाही. आईचा जंतू मधल्या फांदीवर आणि त्याला अगदी चिकटून 'निरोगी'. तेच जीन, एकूण एक. मी म्हटलं, डब्यांची अदलाबदल झाली असेल, परत लावू. मॅडम म्हणाल्या, परत लावूनच तुला बोलावलंय. मग त्यांनी मला पाणी दिलं.

१७ एप्रिल, दुपार
आई आज शुद्धीवर होती. कर्नल येऊन गेल्याचं तिने सांगितलं. डॉक्टर म्हणतात, किडनी साथ देत नाहीये, पण इंजेक्शन थांबवलं तर हातात काहीच उरत नाही.
आईने विचारलं, सापडला का रे तो? मी म्हटलं, निकाल यायचाय. ती म्हणाली, सापडला तर रागावू नकोस त्याच्यावर, त्या बिचाऱ्याला तरी कुठे ठाऊक असणार. मी खिडकीकडे गेलो. तिला वाटलं, निकाल येत नाही म्हणून मी खचलोय. म्हणाली, येईल रे, तू एवढा धडपडतोयस.
सलाइन संपत आली की सिस्टरना हाक मारायची. सध्या माझ्याकडे एवढंच काम आहे.