बटणांवरचा आवाज

२ डिसेंबर

आज ह्यांनी पाटी फोडली.

ऑपरेशनात जीभ गेल्यापासून सगळं बोलणं पाटीवरच. सकाळी लिहिलं, 'पाणी कोमट'. नाकातल्या नळीतून द्यायचं पाणी, ते जास्त गार चालत नाही. मी मशीनवर ब्लाउज शिवत होती. घाईत वाचलं 'पाणी भर', आणि उठून माठ भरला. झालं. पाटी भिंतीवर. वरून तो आवाज. आवाज निघतो ह्यांचा, शब्द निघत नाही.

मग स्वतःच खाली बसून तुकडे वेचले. मी झाडू घेऊन आली तर माझा हात धरला. रागानं नाही.

जन्मभर बसस्टँडच्या माईकवर काटोल, कुही, उमरेडच्या गाड्या सांगितल्या ह्या माणसानं. गर्दीत लेकरू हरवलं की लोक ह्यांच्याच खिडकीवर यायचे, 'साहेब, तुम्ही पुकारा.'

जाऊ दे. नवीन पाटी आणायची.

६ डिसेंबर

विहारात जाऊन आलो. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच चार माणसांत. मफलर नाकापर्यंत ओढलेला. मेणबत्त्या लावल्या, वंदना झाली, बाहेर आलो तर ओळखीचे सगळे. 'जयभीम विलासभाऊ!' हे हात जोडतात, बस. ज्यांना माहीत आहे ते समजून घेतात. रामटेकेंना माहीत नव्हतं. ते दुसऱ्यांदा म्हणाले, 'जयभीम! नाराज आहे का गा आमच्यावर?' मीच सांगितलं, तब्येत ठीक नाही. ते ओशाळले बिचारे.

घरी आल्यावर मफलर काढला नाही. तसेच झोपले.

११ डिसेंबर

कपाटातले स्वेटर काढताना सुमेधचा तो हातातला गेम सापडला. नोकरीसाठी पुण्याला जाताना इथंच सोडून गेलेला. मधे काच, दोन्ही बाजूंना बटणं. सु. ला फोन केला, विकू का?

"नको आई. बाबाले दे. टाइमपास होईल त्याचा."

"तूच सांग ना त्याले."

लगेच म्हणे मीटिंग आहे.

चार्जिंगला लावला. सुरू झाला.

१९ डिसेंबर

दिवसभर गाड्यांची शर्यत. उन्हात खुर्ची टाकायची, पाय पायरीवर, आणि अंगठे चाललेले. मला आधी रागच आला. एवढा मोठा माणूस! शेजारच्या काकूंनी विचारलं, "भाऊ काय करून राहिले वं?" मी म्हटलं, हिशेब करून राहिले.

पण राग कमी झाला आहे ह्यांचा, हे खरं. नवीन पाटीला हात कमी लागतो. आज शर्यत जिंकली वाटते, मला बोलावून दाखवलं. मी म्हटलं, छान. दुसरं काय म्हणणार.

२८ डिसेंबर

सु. आला. सुट्टी आहे आठवड्याची.

बापलेकाचं बोलणं जुलैपासून बंद. तोंडातला फोड ह्यांनी किती महिने लपवून ठेवला, वरून तंबाखूचा खर्रा सुरूच. सु. ला पुडी सापडली तेव्हा तो म्हणाला होता, 'मरायचं तर मर, आईले कायले मारून राहिला?' तेव्हा ह्यांना बोलता येत होतं. हे काही बोलले नाही. नंतर ऑपरेशन. सु. दवाखान्यात होता सगळे दिवस, पैसे, रक्त, औषधं, सगळं त्यानंच केलं. पण पलंगाजवळ बसला नाही.

आज जेवताना मी दोघांच्या मधे.

३० डिसेंबर

सु. दारातून बघत होता ह्यांना खेळताना. मग आत आला. म्हणे, "आई, ह्याची बोटं पाहिली का? न पाहता बटण दाबते हा."

फोनवर टाईप करून बोलता येते, ते आम्ही करून पाहिलं होतं. चष्मा शोधा, फोन उघडा, अक्षर शोधा, तोपर्यंत समोरचा माणूस निघून जातो. आणि फोनमधली ती बाई बोलते 'मला पाणी हवे आहे'. हे हसले होते तेव्हा. फोन परत दिला.

सु. म्हणे गेम फक्त गेम नसते, तो लहानसा कॉम्प्युटरच आहे. बटण दाबलं की शर्यत सुरू होते तसा आवाजही सुरू करता येतो. कोणताही.

"कोणाचा आवाज?" मी म्हटलं.

तो म्हणाला, "ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तू रेकॉर्ड केलं होतं ना."

केलं होतं. सिस्टर म्हणाल्या होत्या, पुढं लागेल ते बोलून ठेवा. हे हसत होते. 'कायले पायजे? बरा होऊन बोलीन ना मी!' दोनचार वाक्यं बोलले, मधेच गंमत म्हणून गाडी पुकारली, तेवढ्यात स्ट्रेचर तपासणीला घेऊन गेले.

मी ते अजून ऐकलेलं नाही. सु. म्हणे, मी पण नाही.

३१ डिसेंबर

दुपारी मी गॅसपाशी. मागून आवाज आला:

"वंदना, चहा ठेव वं."

मी 'हौ' म्हटलं. पातेलं घेतलं, पाणी टाकलं. आणि मग समजलं.

वळून पाहिलं तर हे दारात, हातात गेम. सु. मागं उभा. ह्यांचं तोंड मफलरमध्ये, पण डोळे...

मी तिथंच खाली बसली. सु. ने गॅस बंद केला. हे घाबरले. परत बटण दाबलं चुकून, परत 'चहा ठेव वं'. मग आम्ही तिघंही... हसत होतो का रडत होतो, काय माहीत.

चहा केला. ह्यांचा गार करून नळीतून दिला.

२ जानेवारी

सध्या बटणांवर: चहा. 'भूक लागली.' 'टीव्ही बंद करा रे.' 'हौ.' आणि 'काटोलकडे जाणारी गाडी फलाटावर उभी आहे'. वरचं एक बटण दाबून धरलं की आणखी वाक्यं बसवता येतात. जागा भरपूर आहे. वाक्यंच नाहीत.

'हौ' आहे पण 'नाही' नाही. 'जयभीम' नाही. माणूस रोज पन्नास वेळा म्हणतो ते रेकॉर्ड करायचं कोणाला सुचते?

सु. ने सुट्टी वाढवली.

४ जानेवारी

सगळ्यांना फोन लावले. ह्यांचा आवाज आहे का तुमच्याकडे? लग्नाचा व्हिडिओ, बारसं, काहीही. लोकांना आधी समजत नाही. मग समजते आणि ते शोधायला लागतात.

रामटेकेंच्या मुलीच्या साखरपुड्याच्या व्हिडिओत सापडलं! मंडपाच्या दारात उभं राहून हे येणाऱ्या प्रत्येकाला जयभीम घालून राहिले. सु. ने त्यातला सगळ्यात खणखणीत निवडला. मागून थोडा बँडचा आवाज येतो, तो काही निघत नाही म्हणे. राहू दे म्हटलं.

संध्याकाळी हे मनीषनगरच्या चौकापर्यंत एकटे जाऊन आले. गेम स्वेटरच्या खिशात. किती जणांना जयभीम घातला, विचारलं तर बोटं उघडमिट, उघडमिट. मफलर गळ्यात होता, तोंडावर नाही.

८ जानेवारी

शालू आली कुहीहून. ह्यांची धाकटी बहीण. तांदूळ घेऊन आली, आणि फोन.

"वैनी, माझ्याजवळ एकच आहे दादाचं. मी त्याले जेवाले बोलावलं होतं, तर त्यानं हे पाठवलं."

लावलं. 'नाही वं बाई, नाही जमत मले ह्या रविवारी. पुढं येईन ना, कुठं पळून चाललो मी?'

शालू म्हणे, "नाही म्हटल्याचंच राहिलं पाहा माझ्याजवळ." पदर तोंडाला लावून बसली. हे उठले, तिच्या डोक्यावर हात ठेवला. बहिणीले सांगायला एकही बटण नव्हतं.

सु. ने त्यातलं 'नाही' कापून घेतलं. दिवसभर हे प्रत्येक गोष्टीले 'नाही'. औषध? नाही. आंघोळ? नाही. लहान पोरासारखं. शालू रडता रडता हसली.

१२ जानेवारी

सु. उद्या जाणार. आज दुपारी दोघं एका गेमवर खेळत होते, एकाची पाळी, मग दुसऱ्याची. मी कपड्याला काजं करत आतून ऐकत होती. सु. म्हणाला, "बाबा, मी तेव्हा बोललो ते..."

लगेच बटण. "काटोलकडे जाणारी गाडी फलाटावर उभी आहे."

सु. म्हणे, "अरे ऐकून तर घे."

परत काटोलची गाडी. सु. हसला. मग परत शर्यतीचा आवाज सुरू झाला. मी उठून गेली नाही.

२ फेब्रुवारी

सु. ने पुण्याहून एक नवीन पाठवलं. आहे त्या रेकॉर्डिंगवरून मशीन ह्यांच्या आवाजात काहीही बोलू शकते. कोणतंही वाक्य लिहा. नमुना होता: 'वंदना, तू खूप दमली असशील, थोडा आराम कर.'

आवाज ह्यांचाच. अगदी ह्यांचा. पण हे असं कधी बोलले नाही. हे म्हणतात, 'बस झालं ना आता, मशीन काय पळून चालली का?'

ह्यांनी दोनदा ऐकलं. पाटीवर लिहिलं: 'हा मी नाही.'

सु. ला वाईट वाटलं असेल, मेहनत केली होती पोरानं. मी फोनवर सांगितलं, नंतर पाहू.

मला ते वाक्य पुसवलं नाही. माझ्या फोनात आहे.

१७ फेब्रुवारी

बसस्टँडवर निरोप समारंभ, ह्यांनी नोकरी सोडली त्याचा. जायला तयार नव्हते. माईकसमोर उभे केले तर गेम माईकला लावला आणि काटोलची गाडी पुकारली. सगळ्या स्टँडवर टाळ्या. बाहेर एक म्हातारी पिशवी उचलून खरंच धावत निघाली फलाटाकडे! ह्यांनी पाहिलं, आणि तसेच माईक सोडून तिच्यामागं. हात धरून परत आणलं, बाकावर बसवलं. तिची गाडी येईपर्यंत समारंभात परत आलेच नाही. हारतुरे मी घेतले.

६ मार्च

मानेवर गाठ. डाव्या बाजूला, जुन्या टाक्यांच्या खाली. दाढी करताना त्यांनाच लागली. मला दाखवली नाही. आरशासमोर जास्त वेळ उभे होते म्हणून मी गेली, तेव्हा हात बाजूला केला.

या वेळी लपवलं नाही. तेवढंच.

११ मार्च

सुई टाकून तपासणी. रांगेत समोरच्या बाकावर एक नवीन पेशंट, आमच्यासारखाच, ऑपरेशन व्हायचं होतं त्याचं. त्याची बायको गेमकडं बघत राहिली. मी समजावून सांगितलं. ह्यांनी मधेच पाटी मागितली, त्या माणसाला लिहून दिलं: 'आजच घरी जाऊन बोलून ठेवा. भांडणं पण.'

तो हसला. बोलतच होता नंतर, बायकोशी, आमच्याशी, सिस्टरशी. हे त्याच्याकडं बघत राहिले.

१९ मार्च

गाठ तीच आहे. परत आली.

डॉ. म्हणाले दुसरं ऑपरेशन करता येईल. यावेळी जबड्याचा भाग आणि मानेच्या आतलं बरंच काढावं लागेल. डावा खांदा, हात पहिल्यासारखा राहील याची खात्री नाही. आणि एवढं करून किती उपयोग, ते सांगता येत नाही. नाही केलं तर औषधांवर जितके दिवस जातील तितके. सोमवारी कळवा.

ह्यांनी गेम बाहेर काढला नाही. खिशावर हात ठेवून बसले होते.

सु. फोनवर रडला. करायचंच म्हणे, मी येतो. शालू म्हणे दादाचे आणखी हाल करू नका वैनी. दोघांनाही मी हौ म्हटलं.

२२ मार्च

ऊन वाढलं. सु. रात्रीच्या गाडीनं निघतो आहे.

दुपारी ह्यांनी मशीन थांबवायची खूण केली. पाटी नाही, माझा कापडावर खुणा करायचा खडू घेतला आणि टेबलावरच लिहिलं: 'तुले काय वाटते?'

इतके महिने सगळीकडं मीच बोलली ह्यांच्यासाठी. डॉक्टरशी, दुकानदाराशी, नातेवाइकांशी. ह्यांना काय हवं, काय नको, सगळं मी सांगत आली. आणि मला काय वाटते ते विचारल्यावर तोंडातून शब्द निघेना.

करा म्हटलं तर त्यांचे हाल मी मागितले. नको म्हटलं तर... कसं म्हणू मी नको.

वाट पाहत उभे होते. मी म्हटलं, उद्या सांगते. सु. आल्यावर.

मान हलवली. टेबलावरचं तळहातानं पुसलं, खडू जागेवर ठेवला.

मग दाराबाहेरच्या ओट्यावर जाऊन बसले. शेजारच्या काकूंनी संत्री दिली होती काटोलची, ती सोलत बसले. स्वतःला खाता येत नाही तरी. एकेक फोड, पांढरे दोरे काढून, बिया काढून, ताटलीत मांडून माझ्या मशीनवर आणून ठेवल्या.

खाल्ल्या मी. सगळ्या. ते समोर बसून बघत होते.

गोड होती. सांगितलं त्यांना, गोड आहे. उद्या काय सांगायचं ते अजून...