ओबो म्हणजे सनईच

७ मार्च १९९७, शुक्रवार
लेकीला, अस्मीला, व्हायोलिनच्या क्लासला सोडलं. तिच्या टीचर अजरा मॅडम टेन्शनमध्ये. पुढच्या महिन्यात क्लबच्या हॉलमध्ये अठराव्या शतकातलं ओबो क्वार्टेट आहे. व्हायोलिनवर अस्मी, व्हायोलावर मॅडम, चेलोवर एक डॉक्टरबाई. आणि ओबोवाल्याची मस्कतला ट्रान्सफर! म्हटलं, मॅडम, डोन्ट वरी. कॉलेजात सनई वाजवायचो. ओबो म्हणजे कोट घातलेली सनईच. मॅडमनी क्लासमधला ओबो दिला. गाडीत अस्मी खिडकीकडे तोंड करून बसली. भारावली असणार.

८ मार्च
आजपासून ऑफिसातून आल्यावर रोज एक तास रियाज. नो एक्स्क्यूज.
आवाज निघाला नाही. पहिल्या दिवशी निघायचा नसतोच.

१२ मार्च
निघाला! कुंदा स्वयंपाकघरातून धावत आली. कुकरचा वॉल्व्ह उडाला वाटलं म्हणे. इतक्या वर्षांच्या संसारात बायकोचा कान काही तयार झाला नाही.

१५ मार्च
रियाज नाही. पोर्टवर कंटेनर अडकलाय. तसंही विश्रांतीत ओठ मुरतात.

१८ मार्च
ओबोची तोंडात धरायची पत्ती चिरली. दोष एसीचा. त्यात शेजारचे कमरुद्दीनभाई दारात. घरात कोण रडतंय, सब खैरियत है ना, असं विचारत होते. म्हणजे करुण रस भिंतीपलीकडे पोचतोय.

२१ मार्च, शुक्रवार
पहिली तालीम. नोटेशन म्हणजे तारांवर बसलेले कावळे. वाचत बसलो नाही, सरळ कानाने आलाप घेतला. तिघीही वाजवायच्या थांबल्या. ऐकायलाच. मॅडम म्हणाल्या, व्हेरी इंटरेस्टिंग. डॉक्टरबाईंनी घड्याळ बघितलं. अस्मी म्हणाली, डॅड, प्लीज, जस्ट प्ले व्हॉट्स रिटन. मी म्हटलं, बेटा, लिहिलेलं तर कोणीही वाजवेल. तिचे कान लाल झाले.

२६ मार्च
अस्मी जेवली नाही. कुंदा म्हणते, पोरीसाठी सोडून द्या. पोरीसाठीच तर चाललंय! या वाळवंटात राबतोय कुणासाठी? दर शुक्रवारी क्लासबाहेर गाडीत बसून पेपर वाचायचा. एकदा तरी आत, तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसावं, एवढंच वाटतं. हे जास्त मागणं आहे का?

२८ मार्च, शुक्रवार
माझ्या खुर्चीवर एक गोरा पोरगा. कुठल्याशा हॉटेलच्या बँडमधला, म्हणे ओबोच शिकलाय. मॅडम धावत पुढे आल्या. मिस्टर सुदेश, तुम्ही कशाला उठून आलात? तुमच्या डॉक्टरांनी फुंकायला मनाई केलीय ना? अस्मीनं फोनवर सगळं सांगितलंय मला.
मी खोकून दाखवलं. दोनदा.
ओबो परत केला. खलास. बाहेर गाडीत बसलो. पेपर कालचाच होता.

११ एप्रिल, शुक्रवार
कार्यक्रम झाला. पोरगा ठीक वाजवतो, पण भाव नाही. मधल्या संथ भागात त्याचा सूर लांबत गेला आणि अस्मीनं व्हायोलिनवर खालून असा काही हात दिला त्याला... हे तिला कधी आलं? मला तर घरात कधी ऐकू आलं नाही. माझाच रियाज चालू असायचा.
नंतर हॉलमध्ये ज्यूस. एका बाईंनी अस्मीला विचारलं, घरी आणखी कोणी वाजवतं का? अस्मी म्हणाली, नो, नोबडी. मी शेजारीच होतो, तिची व्हायोलिनची केस धरून. बाईंनी जाताना रिकामा ग्लास माझ्या हातात ठेवला. अस्मीनं पाहिलं.
मी बाईंना थँक्यू म्हटलं.