मोनिकच्या खुर्चीवर

३ जून, सोमवार. सकाळी ९.१२.
खुर्चीची उंची तिसऱ्यांदा जुळवत होतो, तेवढ्यात टीम लीडरने हातात चिठ्ठी ठेवली. आजपासून माझं नाव मोनिक. आमचं काम एका फर्निचर कंपनीच्या गिऱ्हाइकांशी चॅटवर इंग्रजीत बोलायचं. लिंडा, नॅन्सी, पीटर ही नावं आधीच वाटली गेली होती. तो म्हणाला, मोनिक मूळचं फ्रेंच, पण इंग्रजीत खपतं. मी म्हणालो, हे बाईचं आहे. तो म्हणाला, बाईवर गिऱ्हाईक कमी ओरडतं. महिनाअखेर गिऱ्हाइकांकडून सरासरी साडेचार तारे आण, कायम करतो, नाहीतर घरी बस.
संकल्प: मोनिकला कायम करायचंच.

४ जून. संध्याकाळ.
मोनिकची माहिती वहीत लिहून काढली. वय २९. कॉफी बिनसाखरेची. उत्तर द्यायची घाई करत नाही. कोणी रागावलं तर खिडकीबाहेर बघते. शुद्धलेखनात माझ्याइतकीच चोख. दोन पानं झाली.
कालचे तारे: सरासरी दोन. नाव नवं आहे, अंगी लागायला वेळ लागणारच.

७ जून. दुपारी १.३०.
कपाटाचं दार लागत नाही म्हणून एक आजोबा चिडले. मी मोनिकला शोभेल असं खिडकीबाहेर बघितलं. चार मिनिटांनी ते आणखी चिडलेले होते. ताईला फोन केला, सहज, जेवलीस का विचारायला. ताई घरातले नळ, पंखे, बिजागऱ्या स्वतःच दुरुस्त करते, तिला दुसरा विषय नाही. म्हणाली, खालच्या बिजागरीचा स्क्रू अर्धा फेरा सैल करायला सांग त्यांना, आणि मला भाजी ढवळू दे. तेच इंग्रजीत लिहिलं, खाली मोनिक. पाच तारे!
नावात दम आहे.

१४ जून.
सरासरी चार पूर्णांक सात. आज ताईला अकरा फोन झाले. ती म्हणाली, अरे बाबा, तुझा पगार मलाच देत जा ना. लोकांना दुसऱ्याचं यश बघवत नाही, घरच्यांनासुद्धा. असो.
मोनिक जिना कशी उतरत असेल याचा सराव केला. आईने विचारलं, कंबर धरली का रे तुझी?

२१ जून, शुक्रवार.
फर्निचर कंपनीच्या मोठ्या बाई मोनिकवर बेहद्द खूश. पुढच्या शुक्रवारी व्हिडिओवर शाबासकी देणार. टीम लीडर पांढराफटक पडला. म्हणाला, तुझ्या मिशीचं काय करू? मी म्हणालो, काढतो. तो म्हणाला, मिशी काढली तरी खाली तूच उरतोस की.
तोडगा मीच सुचवला. ताईला बसवू. ती नुसती हसेल, बाकी मी सांभाळतो.

२५ जून.
ताईचं प्रशिक्षण. वही वाचायला दिली (आता एकोणीस पानं). तिने पहिलं पान वाचून विचारलं, ही बाई जेवते कधी? मुद्दा रास्त आहे. विसावं पान लिहायला घेतलं.

२८ जून, शुक्रवार. सकाळी ११.०५.
मी टेबलाखाली, वहीसह. मोठ्या बाईंनी विचारलं, गिऱ्हाइकांना इतकं खूश कसं ठेवतेस? मी खालून सातवं पान वर सरकवलं. ताईने ते गुडघ्याने परत खाली ढकललं. मग मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाली, तुमच्या कपाटाबरोबर येणारे स्क्रू आखूड आहेत. लांब पाठवा, निम्म्या तक्रारी बंद होतील. बाई पुढे चाळीस मिनिटं तिच्याशीच बोलत होत्या. माझ्या डाव्या पायाला मुंग्या आल्या. योजना मात्र शंभर टक्के यशस्वी.

संध्याकाळी ५.४०.
मोनिक कायम झाली. पत्र ताईच्या नावाचं आहे. टीम लीडर म्हणाला, तारे मोनिकचे, आणि मोनिक म्हणजे आता ही. पीटर सोडून गेलाय, ती जागा मला, पुन्हा कच्चीच, या वेळी तीन महिने. मी ताईला म्हणालो, बघ, माझ्या शिकवणीचं सोनं झालं. ती म्हणाली, हो रे राजा, पण सोमवारी वेळेवर ये. तुझी टीम माझ्याकडे दिलीय.

आजचा खर्च: बसभाडं, एकाचंच. ताईला कंपनीची गाडी सोडायला आली.
येणं: काही नाही.
देणं: ताईला 'मॅडम' म्हणणं, रोज, नऊ ते सहा.