'ब्रास'चं पहिलं गिऱ्हाईक

मार्सली, यॉर्कशायर
रविवार, ११ जानेवारी २००९

ती. आजोबांना,
किर्स्टीचा सा. न. वि. वि., आणि तुमच्या मांजराला पाठीवर एक थोपटी.

एका मुखपृष्ठाला खरोखर काय काय लागतं ते ऐका. आईच्या केसांच्या स्प्रेचा एक अख्खा डबा. चार पोर्क पाय, म्हणजे डुकराचं मांस भरलेल्या त्या जाड कचोऱ्या, कारण आमचा मुखपृष्ठावरचा तारा रिकाम्या पोटी उभाच राहत नाही. दीड तास फरशीवर बसून बधिर झालेला माझा डावा पाय. आणि एकशे बारा फोटो, ज्यांतल्या एकशे नऊ फोटोंत ताऱ्याचे डोळे मिटलेले आहेत.

तारा म्हणजे गॅरेथ, खाटकाच्या दुकानात काम करतो तो. बँडमध्ये तो कॉर्नेट वाजवतो आणि मी त्याच्या मागे बसून टेनर हॉर्न. आमच्या मीडिया स्टडीजच्या वर्गाला यंदा प्रत्येकी एक संगीताचं मासिक घडवायचंय. म्हणजे मुखपृष्ठ, अनुक्रमणिका आणि मधली दोन पानं. फोटो स्वतःचे, मजकूर स्वतःचा, उचलेगिरी चालत नाही. बाकी पंधरा जणांनी काय केलं सांगू? व्यायामशाळेमागच्या विटांच्या भिंतीला एकेक पोरगा टेकवला, त्याच्या डोक्यावर जॅकेटची टोपी ओढली आणि त्याला रागावून बघायला सांगितलं. मिस बिकरडाइकनी ती पंधरा मुखपृष्ठं टेबलावर मांडली तर अगदी पोलीस चौकीतला फलक दिसायला लागला! माझं सोळावं. पितळी वाद्यांच्या बँडचं मासिक, तेही तरुणांसाठी. नाव 'ब्रास'.

पण काम झाल्यावर त्यावर चिंतन लिहायचं असतं, आणि त्यातला एक प्रश्न असा की हे वाचणार कोण? बाई म्हणाल्या, किर्स्टी, दिसतंय छान, पण पंचविशीच्या आतली बँडवेडी मंडळी एका मिनीबसमध्ये मावतील, आणि तिचा ड्रायव्हरसुद्धा पन्नाशीचा असेल. त्यांना खऱ्या वाचकाचे खरे शब्द हवेत. माझ्या आईचे चालणार नाहीत, हेही त्यांनी आधीच सांगून टाकलं. हा भाग कच्चा राहिला तर बी ग्रेड नाही, आणि बी नाही तर लीड्सच्या डिझाइनच्या कोर्सला माझी जागा नाही.

तुम्ही आयुष्यभर लोकांना गालिचे विकलेत. वाचक कुठे सापडतो ते सांगा ना. लोभ आहेच, तो वीस मार्चपर्यंत जरा वाढवा. त्या दिवशी काम द्यायचंय.

तुमची,
किर्स्टी


फायली
शुक्रवार, १६ जानेवारी २००९

चि. किर्स्टीस,
क्लिफर्ड आजोबाचे अ. आ. वि. वि.

पत्र पोचलं. मुखपृष्ठाची छोटी प्रत चष्मा लावून आणि काढून, दोन्ही प्रकारे पाहिली. मांजरानेही पाहिली. आमचं एकमत असं की तुझा गॅरेथ स्वतःच्या बुटांकडे बघतोय. बाळ, मी जमिनीवर अंथरायच्या लिनोलियमचे तुकडे हातगाडीवर घालून धंदा सुरू केला आणि तीन दुकानांवर थांबलो. या सगळ्या काळात बुटांकडे बघणाऱ्या माणसाने कुणाला पायपुसणंसुद्धा विकलेलं मी पाहिलं नाही. त्याला वर बघायला लाव. फोटो काढणारीचा पाय बधिर होईपर्यंत त्याच्यासमोर बसून राहावं इतका तो देखणा आहे का, हे मी विचारत नाही. तुझी आई विचारेल.

आता वाचकाचं. गिऱ्हाइकाला तोंडावर विचारलंस तर ते छान आहे म्हणतं आणि घरी जातं. ते दोन पावलं पुढे गेल्यावर नवऱ्याच्या कानाशी काय पुटपुटतं, ते ऐकायचं. मी हेच केलं. गालिच्यांच्या गुंडाळ्यांमागे उभा राहायचो. फार पिवळा आहे हो, असं एखादी कुजबुजली की पुढच्या शनिवारी करडा गालिचा पुढे आलेला असायचा. बेचाळीस वर्षं लोकांचं बोलणं चोरून ऐकलं आणि एकदाही पकडला गेलो नाही! असे कान अख्ख्या यॉर्कशायरमध्ये दुसऱ्या कुणाला नसतील, आणि ते सध्या या फायली गावात समुद्रकाठी रिकामे बसलेत.

तीन प्रती पाठव. बाकी माझ्यावर सोड. आईला सांग, मी मफलर घालतो. कृपा असू दे म्हाताऱ्यावर.

आजोबा


मार्सली
रविवार, १ फेब्रुवारी २००९

ती. आजोबांना,
सा. न. वि. वि. मफलरवर आईचा विश्वास बसलेला नाही.

तुमच्या म्हणण्याला मी आधी नाक मुरडलं. आमच्याकडे तारे मान वर करून हसतबिसत नाहीत आजोबा, तसा रिवाजच आहे. पण मग वर्गात प्रश्नावली वाटली आणि पंधराच्या पंधरा जणांनी 'नक्की विकत घेईन'वर खूण केली. क्रेगने तर पुरुष आणि स्त्री या दोन्ही चौकटींत केली. तेव्हा तुमचं पटलं. तोंडावर विचारून काही उपयोग नाही.

म्हणून बुटांचंही ऐकलं आणि गॅरेथला खाटकाच्या दुकानासमोर पुन्हा उभा केला. समोर बघ म्हटलं तर तो दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावल्यासारखा बघायला लागला. हसू नकोस म्हटलं तर घामाघूम झाला. शेवटी खाटीकमामांनीच खिडकीतून डोकं काढलं आणि ओरडले, काय रे राजकुमारा, तुझं लग्न लागलं असेल तर आत ये, सॉसेज भरायचेत! तेव्हा तो असा काही हसला की कॉर्नेट हातातून निसटता निसटता राहिलं. तोच फोटो घेतलाय. मागे काचेत पोर्क पाय दिसतात, ते तसेच ठेवलेत.

नावाची अक्षरं मोठी केली, पिवळा रंग काढला (पिवळ्याचं तुम्ही लिहिलंत म्हणून नाही, माझंही मत होतंच), आणि खरं मासिक वाटावं म्हणून खालच्या कोपऱ्यात बारकोडच्या त्या काळ्या रेघांची पट्टीसुद्धा चिकटवली. स्वयंपाकघरात हाताशी वाटाण्याचं पाकीट होतं, त्याच्यावरचीच स्कॅन केली. कोण बघतंय?

तीन प्रती सोबत आहेत. विकू नका हं, फक्त दाखवा. आत कामाची चारच पानं आहेत. तुमच्या कानांना शुभेच्छा, आणि तुम्हाला बाकी सगळं.

तुमची,
किर्स्टी


फायली
गुरुवार, १२ फेब्रुवारी २००९

चि. किर्स्टीस,
अ. आ. वि. वि., आणि आज बसून वाच, उभ्याने नको.

तुझ्या प्रती फार बारीक होत्या. वाऱ्याने उडाल्या असत्या. म्हणून प्रत्येकीच्या पोटात माझ्या जुन्या दुकानाच्या कॅटलॉगची सोळा पानं भरली आणि टाचण्या मारल्या. आता त्यांना भारदस्तपणा आला. मग डोरीनच्या पेपरच्या दुकानात गेलो आणि बागकाम नि घोड्यांच्या शर्यती यांच्या मधोमध तिघींना उभं केलं. डोरीनकडून एक स्टूल मागून घेतलं आणि शोकसंदेशांच्या कार्डांपाशी बसलो. तिथे बसलेल्या माणसाशी कुणी बोलायला जात नाही. एक कार्ड उघडून तोंडापुढे धरलं आणि कान सोडले.

आता ऐक. पहिला आला एक शर्यतवाला. तो म्हणाला, हे काय, पोर्क पायच्या दुकानाची जाहिरात आहे का? आणि गेला. (काचेतले पोर्क पाय काढ.) मग दोन शाळकरी पोरी आल्या. एक म्हणाली, अय्या, हा तर खराच हसतोय! दुसरी म्हणाली, म्हणून तर चांगला दिसतोय गं, नाहीतर सगळे मेले पोटात दुखल्यासारखे उभे असतात. (हे जसंच्या तसं लिहून घे.) मग एक नवराबायको. तो म्हणाला, आपल्या वेळी बँडमध्ये असली पोरं नव्हती. ती म्हणाली, होती हो, तुम्ही तेव्हा तिकडे बघत नव्हता.

मग जांभळ्या कोटातल्या एक बाई आल्या. त्यांनी 'ब्रास' उचललं. ठेवलं. पुन्हा उचललं. एक शब्द बोलल्या नाहीत, आणि तिथेच मी ओळखलं, कारण खरं गिऱ्हाईक मुकं असतं. आणि किर्स्टी, त्या सरळ गल्ल्यावर गेल्या! मी कार्ड ठेवून उठेपर्यंत डोरीनने पट्टी मशिनवरून फिरवलीसुद्धा. पावती आली: सुके वाटाणे, अडतीस पेन्स. डोरीन पावतीकडे बघते, बाई मासिकाकडे बघतात, आणि दोघी इतक्या सभ्य की कुणी काही म्हणालं नाही. बाई अडतीस पेन्स देऊन गेल्या.

चाळीस मिनिटांत विक्री! मुखपृष्ठाच्या जोरावर! तुझ्या बाईंना सांग, वाचक सापडला. साधारण पासष्टीचा आहे, पण पाय खंबीर आहेत. मी समुद्रकाठच्या बाकावरच्या सगळ्यांना हे सांगितलंय, काहींना दोनदा.

आशीर्वाद आहेतच, आज दुप्पट.

आजोबा


मार्सली
रविवार, १५ फेब्रुवारी २००९

ती. आजोबा,
सा. न. (आज घाईत, तेवढंच.)

विकू नका म्हटलं होतं ना! गॅरेथच्या मुलाखतीचं पान उलटलं की त्या बाईंना जिन्यावरचे गालिचे दिसणार! मी वाचून पहिल्यांदा किंचाळले, मग इतकी हसले की आई जिना चढून वर आली, आणि मग वाचून तीही खाली बसली.

मिस बिकरडाइकना सांगितलं. त्या डोळे पुसत म्हणाल्या, अगं, वर्गात आजवर कुणाचं मासिक विकलं गेलेलं नाही, वाटाणे म्हणूनसुद्धा नाही. पण विकलं जाणं म्हणजे वाचलं जाणं नव्हे. त्या बाईंनी ते का उचललं आणि घरी नेऊन काय केलं, हे त्यांच्याच तोंडून आण. आजोबांच्या तोंडून नको. ते आलं तर बी पक्का, नाही तर सांगता येत नाही.

डोरीनना फोन केला. त्या जांभळ्या कोटातल्या बाई दर शनिवारी टीव्हीचं कार्यक्रम-पत्रक घ्यायला येतात म्हणे. मी या शनिवारी सकाळच्या बसने येते. एक विनंती: मी बोलत असताना तुम्ही दुकानात नको. स्टुलावरही नको. जेवायला येईन, मासे आणि चिप्स तुमच्याकडून.

मनापासून तुमचीच,
किर्स्टी


फायली
मंगळवार, १८ ऑगस्ट २००९

चि. किर्स्टीस,
अ. आ. वि. वि.

परवा तुमचा निकाल. तुझ्या आईपेक्षा मलाच झोप कमी. म्हणून आज मन मोकळं करतो. फेब्रुवारीत तू डोरीनच्या दुकानातून त्या बाईंशी बोलून आलीस, माशाचा तुकडा तोंडात धरून नुसती खुदखुदत राहिलीस, आणि त्या काय म्हणाल्या ते आजतागायत सांगितलं नाहीस. निकालानंतर सांगेन म्हणालीस. सहा महिने झाले! मला एकदा वाटलं, बाईंनी गालिच्यांसाठीच नेलं असेल. मग वाटलं, नाही, मुखपृष्ठासाठीच. बाकावर मी सध्या असं सांगतोय की मी नुसता बसलो आणि माल गेला. यात काही दुरुस्ती असेल तर लवकर कळव, कारण गोष्ट आता शेजारच्या गावापर्यंत पोचली आहे.

ग्रेड काहीही येवो, तुझ्यावर माया आहे तेवढीच राहील. तरी बी आण.

आजोबा


मार्सली
गुरुवार, २० ऑगस्ट २००९

ती. आजोबांना,
किर्स्टीचा आनंदाने नाचत नाचत सा. न. वि. वि.

बी आला! बी, आजोबा! लीड्सची जागा माझी. गॅरेथने बातमी ऐकून दुकानातच कॉर्नेट वाजवलं, आणि खाटीकमामांनी त्याला पगारातून कापीन म्हणत माझ्या हातात दोन पोर्क पाय ठेवले. मिस बिकरडाइक म्हणाल्या, तपासनिसांनी माझ्या चिंतनावर शेरा मारलाय की सोळांपैकी या एकाच मासिकाला जिवंत वाचक भेटलेला दिसतो.

आता तुमच्या बाईंचं. नाव मिसेस थ्वेट. त्यांनी घरी जाऊन चारही पानं वाचली, गालिचे सोडून दिले, आणि मासिक नातवाला पाठवलं. तो चौदाचा आहे, बँड सोडायच्या बेतात होता. त्याने गॅरेथचं पान ड्रमच्या वर चिकटवलंय आणि पुढचा अंक कधी म्हणून विचारतो. म्हणजे माझा तरुण वाचक मला मिळाला, फक्त तो आजीच्या हातून मिळाला. मी नेमकं तेच लिहिलं: मासिक तरुणांसाठी असेल, पण ते दुकानातून उचलून आणणारा हात म्हातारा असतो. तुमच्या त्या दोन पोरींचं वाक्यही घातलं, मेले या शब्दासकट.

हे सगळं तुमच्यामुळे झालं. हे मी कुठेही लिहून द्यायला तयार आहे. बाकावर हवं ते सांगा, फक्त वाटाणे गाळू नका. रविवारी येते, मिठी तेव्हा.

तुमची, पास झालेली,
किर्स्टी

ता. क. का घेतलं, तेही मी विचारलं होतं. मिसेस थ्वेट म्हणाल्या, तसं मी ते परत ठेवणारच होते, पण कोपऱ्यातल्या स्टुलावरचे ते गृहस्थ शोकाचं कार्ड उलटं धरून माझ्याकडे इतकं टक लावून बघत होते, की ठेवायचा धीर झाला नाही. डोरीनच्या दुकानात सगळे तुम्हाला चोर पकडायला बसवलेला माणूस समजतात.