ओठावर निघालेला ताप

इस्लापूर, ४ ऑगस्ट २०२४

ति. शिल्पाताईस,
बजरंगचा शि. सा. न.

आठवडाभर पत्र टाळलं. फोन लावायचो अन् कापायचो. इकडं सहस्रकुंडाच्या धबधब्याला पाणी लई आलंय, बघायला येणाऱ्यांसाठी मी गाड्यावर कणसं भाजून राहिलो. काल एकानं कणसाला चमचा मागितला! ते जाऊ दे.

दाजींनी फोनवर सांगितलं, बाळ काचेच्या पेटीत हाय, डोक्यावर पाण्याचे फोड, झटके येतात. डॉक्टर विचारतात, मुका घेणाऱ्या कुणाच्या ओठावर फोड होता का. मी न्हाई म्हणालो. ताई, होता. पाचवीला आलो तेव्हा माझ्याच. ताप ओठावर निघाला की अंगातून गेला, असं आपल्यात म्हणतात, म्हणून बिनघोर मुके घेतले. डॉक्टरला माझं नाव सांग.

लोभ उरला असंल तर ठेव.
बजरंग

लातूर, ८ ऑगस्ट

चि. बजरंगास आशीर्वाद.

आशीर्वाद लिहितेय, पण राग गेला न्हाई. फोडातल्या अन् पाठीतल्या पाण्याच्या तपासणीत हर्पीसचा विषाणू निघाला. मोठ्यांना साधा फोड, तान्ह्याच्या मेंदूपर्यंत जातो. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्टची वाट न बघता शिरेतून औषध सुरू केलं, म्हणून लेकरू हाती लागलं. झटके थांबलेत, काल दूध ओढलं.

पण हा आजार आईकडूनही येतो. बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, खाली कधी फोड आले होते का. ते आमच्या सासूबाईंनी ऐकलं. मग साऱ्या भावकीत झालं, सुनेनं कुठून तरी आणलं. बाळाला बघायला आलेल्या बायका माझ्याकडंच बघून जातात. तुझ्या एका न्हाईनं! आता तुझं नाव सांगितलं तर सासूबाई म्हणतात, भाऊ बहिणीला झाकून राहिला. तू ये अन् तोंडानं सांग.

माया आटली न्हाई, पण आधी ये.
शिल्पा

इस्लापूर, १२ ऑगस्ट

ति. ताईस सा. न.

काल निघालो होतो. अर्ध्या वाटेत लोह्याला बसमधून उतरलो अन् माघारी फिरलो. तुझ्या सासरच्या बायकांपुढं माझा मुका, माझा फोड कसा सांगू? लाज वाटते. अन् तू तर न केलेल्याची लाज घेऊन रोज त्यांच्यापुढं बसतीस, ह्याची त्याहून वाटते. दाजींना पत्र लिहू का? त्यांनी वाचून दाखवलं तर...

ताई, थांब. गाड्यापुढं तुझी सासू उभी हाय. साखराबाई मावशी, एकटी, एसटीनं आलीय. पाणीसुद्धा घेईना. म्हणते, डॉक्टरीणबाईला मी स्वतः जाऊन विचारलं, ओठावरच्या फोडानंबी होतं म्हणाली. पिशवी भर, लातूरला चल. चारचौघींत मी बोलले, चारचौघींतच मला खोटं पाड.