सरांची शेवटची फुली

मंगळवार, संध्याकाळ. इंदापूर.

मला शाळेत शिकवलेल्या सरांनी मरेपर्यंत वाचत ठेवलेलं ते अवघड पुस्तक मला दहा मिनिटांत कळलं. पुस्तकाचं नाव सांगून चॅटबॉटला विचारलं, त्यानं बोलून सगळं सोपं करून सांगितलं. तेच आज बारामतीला सरांच्या बायकोला ऐकवलं. वर फुशारकी मारली, "काकू, सरांचं राहिलेलं पुस्तक मी पुरं केलं."

काकू म्हणाल्या, "लई गुळगुळीत सांगितलंस बाबा. पर वाचताना अडलं की हे पेन्सिलीनं फुली मारायचे. शेवटची फुली कुठं हाय? तितलं सांग."

 मोटारीच्या आवाजावरून खराब बेअरिंग ओळखणारा मी. चॅटबॉटचं ते बोलणं कुठंच अडखळलं नाही, हे कसं कानाला लागलं नाही? ती फुली आता डोळ्यांपुढून हलत नाही. काय अडलं असेल सरांना?

पुस्तक माझ्या मोटार दुरुस्तीच्या दुकानातच आहे. सर गेल्यावर काकूंनी ते देताना त्यावर बांधलेली सुतळी मी अजून सोडलेली नाही.